पाण्याचं विरजण

मासे गेले तेव्हा पहिला खुलासा समोरच्या काकूंनी केला. दारातच उभं राहून, आवाज खाली आणत त्या म्हणाल्या, "फार मनाला लावून घेऊ नका. घरावर काहीतरी यायचं होतं, ते त्या मुक्या जिवांनी स्वतःवर घेतलं." लेक माझ्या पायाला चिकटून उभी होती. काकू गेल्यावर तिनं विचारलं, "काय यायचं होतं, बाबा?" मी म्हटलं, माहीत नाही. आणि खरंच माहीत नव्हतं.

मासे आले होते एका वाढदिवसाहून. हल्ली वाढदिवसाला आलेल्या मुलांना रिकाम्या हातानं पाठवत नाहीत, आणि कंपासपेट्या, पाण्याच्या बाटल्या, रंगीत खडू सगळं देऊन झालं की एखाद्या कल्पक आईबापाला मासे सुचतात. लेक घरी आली ती नारळाएवढा काचेचा गोल बाऊल पोटाशी धरून. आत मूठभर निळे खडे, प्लॅस्टिकचं हिरवं झुडूप आणि माझ्या अंगठ्याएवढे दोन गोल्डफिश. सोबत लाल दाण्यांची पुडी. रिक्षातच बारसं उरकलं होतं: राजा आणि राणी.

पुढचे तीन दिवस घरातला जो तो त्या बाऊलशी थांबून चिमूटभर दाणे टाकत होता. भुकेले दिसायचे बिचारे, सतत तोंड उघडत. (गोल्डफिश नेहमीच भुकेला दिसतो. त्याला जठर नावाचा प्रकारच नसतो, खाल्लेलं सरळ आतड्यात जातं, त्यामुळे पोट भरल्याची आपली कल्पना त्याला लागू नाही.) तिसऱ्या दिवशी पाणी ताकाच्या निवळीसारखं झालं. मी बाऊल रिकामा केला, खडे खसखसून धुतले, काच आतून लख्ख केली आणि नळाखाली धरून बाऊल पुन्हा भरला. शाबासकीच्या अपेक्षेनं सगळ्यांना दाखवलासुद्धा. राजा त्याच रात्री गेला. राणी पाण्याच्या अगदी वरच्या थरात येऊन तोंडाची उघडमीट करत राहिली. लेक म्हणाली, ती गाणं म्हणतेय. पाचव्या दिवशी सकाळी गाणं थांबलं. सोसायटीच्या बागेत, जास्वंदीच्या मुळाशी, दोघांना काडेपेटीत घालून पुरलं.

काकूंचा खुलासा सोयीचा होता. आपल्याकडे माशांच्या बाबतीत तो जवळजवळ शास्त्राचा दर्जा पावला आहे. फेंगशुई सांगणारे आठ सोनेरी आणि एक काळा ठेवायला सांगतात, काळा म्हणे सगळं वाईट शोषून घेतो. मेला की दुसरा आणायचा. नीट पाहिलं तर यात माशाच्या मरण्याची सोय आधीच करून ठेवलेली आहे. तो मेला तर कामास आला. मलाही हे गिळून पुढे जाता आलं असतं. पण रात्री लेक झोपल्यावर मी तो रिकामा बाऊल मापाच्या भांड्यानं भरून पाहिला. साडेतीन लिटर. आमच्या घरी वरण शिजतं तो कुकर पाच लिटरचा आहे.

मग वाचायला बसलो, आणि घरावर काय यायचं होतं ते कळत गेलं. त्याला नाव होतं, सूत्र होतं: अमोनिया. मासा आपल्यासारखा लघवीवाटे युरिया टाकत नाही. शरीरातल्या नत्राचा कचरा तो मुख्यतः कल्ल्यांमधून, श्वासाबरोबर, अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतो. न खाल्लेले दाणे कुजले की त्यात भर. नदीत-तळ्यात हा अमोनिया पसरून जातो आणि जिवाणू तो खाऊन टाकतात. साडेतीन लिटरांत जायला जागा नाही आणि नव्या काचेवर जिवाणूही नाहीत. कल्ले जळजळतात, सुजतात, ऑक्सिजन घेता येईनासा होतो. मग मासा वरच्या थराशी येऊन तोंड उघडतो. राणी गाणं म्हणत नव्हती. आणि राजाला मी नळाचं ताजं पाणी देऊन, त्यातल्या क्लोरीनसकट, एका फटक्यात मोकळं केलं होतं.

मला सगळ्यांत जास्त टोचलं ते वेगळंच. गोल्डफिश लवकर मरत नाही, हाच त्याचा घात आहे. हा कार्पच्या कुळातला प्राणी, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या रोहू, कटला, मृगळ यांचा भाऊबंद. अंगानं चिवट. थंड देशांत तळं गोठतं, बर्फाखाली ऑक्सिजन संपतो, तेव्हा दुसरे मासे मरतात आणि हा जगतो. कसा, तर शरीरात साचणाऱ्या लॅक्टिक आम्लाचं अल्कोहोल करून ते कल्ल्यांवाटे बाहेर टाकत. २०१७ साली ऑस्लो आणि लिव्हरपूल इथल्या संशोधकांनी ही यंत्रणा उलगडली. त्याच्या जवळच्या नात्यातल्या क्रुशियन कार्पच्या रक्तात तेव्हा १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल असतं. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याला मुभा ३० ची. (आणि गोल्डफिश गाडी चालवतोही. इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठात चाकं लावलेल्या टाकीत ठेवून त्याला ती जमिनीवर हव्या त्या दिशेला न्यायला शिकवलं, ते संशोधन २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. तीन सेकंदांची स्मरणशक्ती वगैरे आपण रचलेल्या गोष्टी.) तर असा हा चिवट जीव बाऊलमध्ये चार दिवस, आठ दिवस, कधी वर्षभरही तग धरतो, आणि आपल्याला वाटतं, छान रुळला. नाजूक मासा असता तर पहिल्याच रात्री मरून त्यानं पुढच्या हजारांना वाचवलं असतं.

इटलीतल्या मोन्झा शहरानं २००४ मध्ये गोल बाऊलवर बंदी घातली, पाठोपाठ रोमनं २००५ मध्ये. मोन्झाचं कारण मोठं काव्यात्म होतं: वक्र काचेतून माशाला जग वेडंवाकडं दिसतं. मला विचाराल तर जग वेडंवाकडं दिसणं ही त्यातली सगळ्यांत लहान अडचण. आणि ज्यांनी हजार वर्षांपूर्वी करड्या माशांतून केशरी पिल्लं निवडून हा मासा घडवला, त्या चिनी लोकांनी त्याला आधी तळ्यातच ठेवलं होतं. नंतर मिंग घराण्याच्या राजवटीत तो अंगणात-घरात आला, तोही मोठ्या कुंड्यांतून, वरून पाहायला.

लेकीला मी सगळं सांगितलं. आठ वर्षांच्या मुलीला सांगावं की नाही यावर बायकोचं आणि माझं दुमत होतं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आपण मारलं?" मी म्हटलं, "माहीत नसल्यामुळे." ती म्हणाली, "आता माहीत आहे ना?" हे पुन्हा मासे आणण्याचं निमंत्रण होतं हे कळायला मला जरा वेळ लागला.

दुकानं पालथी घातली. पुण्यात मासेवाल्यांची कमी नाही, आणि माणसं वाईट नसतात; पण त्यांना त्याच दिवशी काचपेटीही विकायची असते आणि मासेही. "सर, टँक घ्या, पाणी भरा, अर्ध्या तासानं मासे सोडा. ही निळी बाटली दहा थेंब, ही पिवळी दहा थेंब. एक टँकवर चार मासे फ्री." दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट, काठोकाठ भरली तर छपन्न लिटर. चार गोल्डफिशना! फुगीर अंगाचे, दुहेरी शेपटीचे जे फॅन्सी गोल्डफिश असतात तेसुद्धा वीतभर होतात; साधा लांबट गोल्डफिश किंवा कॉमेट तर फूटभर होतो आणि त्याला खरं म्हणजे तळंच हवं. जाणकार मंडळी फॅन्सी माशामागे निदान पन्नास-साठ लिटर धरतात. आम्ही ठरवलं: मासे दोनच, फॅन्सी, आणि पेटी तीन बाय दीड बाय दीड.

ही मापं आईला सांगितली तेव्हा ती भाजी निवडत होती. "तीन फूट म्हणजे दिवाणाचा अर्धा की रे." गणित मांडलं: भरलेलं पाणी एकशे सत्तर लिटर, म्हणजे तेवढेच किलो, काच आणि दगड धरून सव्वादोनशे. तीन धष्टपुष्ट पाहुणे एका कोपऱ्यात कायमचे उभे. शेवटी हॉलमध्ये तुळईवरच्या भिंतीशी जागा मिळाली, जिथे ऊन येत नाही आणि बटण जवळ आहे. लोखंडी स्टँड बनवून घेतला, त्यावर प्लायवूड, त्यावर थर्माकोलचा शीट, म्हणजे खालचा बारीक उंचसखलपणा काचेला टोचत नाही. हे थर्माकोल दुकानदारानंच आठवणीनं दिलं, त्याचं ऋण मान्य.

तळाला रंगीत खडी नको म्हटलं. गोल्डफिश दिवसभर तळ चिवडतो, तोंडात खडे घेतो, थुंकतो, आणि नेमका घशात अडकेल अशा मापाचा खडा अडकतोही. त्यामुळे तळ मोकळा आणि चार-पाच मोठे गोटे. गोट्यांना एक परीक्षा घ्यावी लागते: लिंबू पिळायचं, फेस आला तर तो चुन्याचा, पाण्याचा स्वभाव बदलणार. आपला काळा सह्याद्रीचा दगड बहुतेक पास होतो. पोटात पांढरी गार दडलेली असेल तर मात्र पिळून खात्री करावी. आमच्या स्वयंपाकघरात दोन दिवस दगडांवर लिंबं पिळली जात होती आणि आई काही बोलत नव्हती, ही तिची बोलण्याचीच एक पद्धत आहे.

आणि मग खरं काम. टाकी भरली, फिल्टर लावला, पाणी झुळझुळायला लागलं, आणि मासे नाहीत.

पाण्यातला अमोनिया खाणारे जिवाणू असतात. एक टोळी अमोनियाचं नायट्राइट करते, तेही विषारीच. दुसरी टोळी त्या नायट्राइटचं नायट्रेट करते, ते बरंच निरुपद्रवी. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. फिल्टरच्या स्पंजला, दगडाला, काचेला बुळबुळीत थर करून चिकटून राहतात. म्हणजे माशाचं खरं घर तो स्पंज. काच ही नुसती कंपाउंडची भिंत. नव्या टाकीत या दोन्ही टोळ्या बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि त्या बसाव्यात म्हणून त्यांना आधी खायला हवं, म्हणजे अमोनिया हवा. मासे सोडून तो मिळवणं हा रूढ मार्ग. त्यात मासे भाजतात. दुसरा मार्ग बाहेरून अमोनिया देण्याचा. कुठला द्यायचा हे शोधताना अमोनियम क्लोराईड हे नाव आलं, आणि त्याचं मराठी नाव वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. नवसागर.

आमच्या लहानपणी बोळात कल्हईवाला यायचा. जमिनीत वीतभर खळगा करून भट्टी, बाजूला हातानं फिरवायचा भाता. पितळेचं पातेलं चिमट्यात धरून तो ते फिरवत फिरवत तापवायचा, मग चिमूटभर पांढरी पूड आत टाकायचा. भस्सकन पांढरा धूर उठायचा, नाकात झणझणायचं, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि आम्ही पोरं मुद्दाम त्या धुरात उभी राहायचो. मग कथलाची कांडी टेकवून कापसाचा बोळा एकदाच असा फिरवायचा की काळपट पातेलं आतून चांदीचं. शेवटी बादलीत चर्र. तो झणका म्हणजे तापलेल्या नवसागरातून सुटलेला अमोनिया आणि आम्ल. पितळेवरची काजळी तोच खायचा. राणीच्या कल्ल्यांत जे होतं आणि आमच्या बोळात ज्याच्यासाठी आम्ही धावत जायचो ते एकच. आईला म्हटलं, तर ती म्हणाली, "त्या धुरानं सर्दी जायची तुझी."

कल्हईवाल्याकडचा नवसागर भेसळीचा असू शकतो म्हणून बोहरी आळीत शुद्ध अमोनियम क्लोराईड शोधायला गेलो. दुकानदारानं वरपासून खालपर्यंत पाहिलं. नवसागराचं दुसरं गिऱ्हाईक कोण असतं हे गावठी हातभट्टीबद्दल ऐकून असलेल्या कुणालाही ठाऊक आहे. "कशाला पाहिजे?" "माशांसाठी." "मासे खारवायला?" "नाही, मासे नाहीतच अजून." यानंतर त्यानं शंभर ग्रॅमची पुडी मुकाट्यानं बांधून दिली.

एकशे सत्तर लिटरला एक ग्रॅम. त्यानं लिटरमागे साधारण दोन मिलिग्रॅम अमोनिया होतो. थेंबांच्या चाचण्यांची पेटी आणली होती. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग पाहायचा. अमोनिया असेल तर हिरवं, नसेल तर पिवळं. पहिल्या दिवशी हिरवंगार. आठव्या दिवशी हिरवंगार. लेकीनं वहीत तक्ता केला होता, त्यात ती रोज हिरवा खडू घासत होती आणि तिचा माझ्यावरचा विश्वास त्या खडूबरोबर झिजत होता. घरी येणारा प्रत्येक जण टाकीत वाकून बघायचा. "मासे लपलेत का?" "नाहीत." "मेले?" "आणलेच नाहीत." मग तो माणूस बायकोकडे बघायचा. काकूंनी तर सरळ विचारलं, की हा वास्तूचा काही तोडगा आहे का, नुसतं पाणी ठेवायचा.

वाट सापडली ती सदाशिव पेठेतल्या एका ओळखीच्या गृहस्थांकडे. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं गोल्डफिश आहेत, तळहाताएवढे. ते म्हणाले, "अहो, इतकं थांबताय कशाला? आमचं घेऊन जा." त्यांनी फिल्टरमधून तपकिरी, गाळानं माखलेल्या स्पंजचा एक तुकडा कापला, टाकीच्याच पाण्यात बुडवून पिशवीत बांधला आणि बजावलं, "वाळू देऊ नका, नळाखाली तर अजिबात धरू नका, आणि वाटेत चहाला थांबू नका." तो घाणेरडा तुकडा मी प्रसादासारखा हातात धरून रिक्षानं आणला आणि आमच्या पांढऱ्याशुभ्र स्पंजाशेजारी खुपसला.

आई मागे उभी राहून बघत होती. "हे काय?"

"यात ते जिवाणू आहेत. ते आता नव्या स्पंजावर पसरतील."

"म्हणजे विरजण."

मी तीन आठवडे पुस्तकी भाषेत घरच्यांना जे समजावत होतो ते तिनं एका शब्दात संपवलं. आणि एकदा विरजण म्हटल्यावर तिला पुढचं काही सांगावं लागलं नाही. उलट तीच मला सांगायला लागली. फार थंडीत लागत नाही, तेव्हा हिवाळा असल्यानं वेळ लागतोय. सारखं हलवू नये. भांडं नको तितकं घासू नये. आणि त्या निळ्या-पिवळ्या बाटल्या? "दह्यात कुणी औषध टाकतं का?" खरंच, निळ्या बाटलीतलं मिथिलीन ब्ल्यू बुरशीवर चालतं, पण याच जिवाणूंवर उठतं. मी राजा-राणीचा बाऊल लख्ख घासला होता तो प्रसंग तिला आठवला असणार. बोलली नाही.

विरजण घातल्यापासून सहाव्या दिवशी अमोनियाची नळी पिवळी झाली. नायट्राइटची नळी मात्र जांभळी, जांभळाच्या रसासारखी. पहिली टोळी कामाला लागली होती, दुसरी अजून यायची होती. पंधराव्या-सोळाव्या दिवशी तीही फिकट निळी. परीक्षा म्हणून पुन्हा एक ग्रॅम नवसागर टाकला. चोवीस तासांनी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. लेकीनं तक्त्यात खडू न घासता एक मासा काढला.

बहुतेक पाणी बदललं, कारण एव्हाना नायट्रेट साचलं होतं. पुण्यात पाणी बदलायचं म्हणजे आधी महापालिकेचं वेळापत्रक बघायचं. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबानं, ही सूचना आम्हाला आरतीसारखी पाठ आहे. म्हणून बुधवारीच बादल्या भरून बाल्कनीत उघड्या ठेवतो. चोवीस तासांत क्लोरीन बरंचसं उडून जातं, वर अँटी-क्लोरीनचे थेंब. टँकरचं पाणी आलं तर मी पाणी बदलतच नाही. ते कुठल्या विहिरीचं असतं हे टँकरवाला सांगत नाही आणि सोसायटीही विचारत नाही.

मासे आणायला गेलो त्या दिवशी लेकीला सांगितलं होतं, दया येईल तो घ्यायचा नाही. कोपऱ्यात पंख मिटून बसलेला, अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके असलेला, एकटाच वर हवा घेणारा, हे सगळे दया येण्याजोगे असतात. तिला हे क्रूर वाटलं. मलाही वाटतं. तरी आम्ही दोन हुंदडणारे घेतले: एक केशरी फॅनटेल, एक पांढऱ्यावर केशरी डाग असलेला ओरांडा, ज्याच्या डोक्यावर पुढे टोपीसारखी वाढ येते. नावं बुंदी आणि कलाकंद. घरी आल्यावर दिवे घालवले, बंद पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवली, मग उघडून थोडं थोडं टाकीचं पाणी आत घातलं. उघडल्यावर रेंगाळायचं नाही; पिशवीतला कार्बन डायऑक्साइड उडाला की तिथला साचलेला अमोनिया जास्त जहाल होतो. जाळीनं मासे उचलून टाकीत, पिशवीतलं पाणी मोरीत. त्या रात्री खायला काही दिलं नाही. आईला ते अजिबात पटलं नाही. पाहुणे आले आणि उपाशी?

याला आता सव्वादोन वर्षं झाली.

बुंदी पाच इंचांचा झालाय. कलाकंदची टोपी डोळ्यांवर यायला लागली आहे. मासा भांड्याएवढाच वाढतो असं दुकानात हमखास ऐकवतात. तो वाढत नाही कारण घाणीत खुंटतो, यात समंजसपणा काही नाही. लेकीला झोपताना मी मनूची गोष्ट सांगतो, शतपथ ब्राह्मणातली: हात धुताना ओंजळीत आलेला मासा म्हणतो, मला सांभाळ, आधी घड्यात ठेव, मग खळगा खणून त्यात, मग समुद्रात ने. पूर आणि नाव सगळ्यांना आठवते. मनूला दर वेळी मोठं भांडं शोधावं लागलं याकडे कुणाचं लक्ष जात नाही. "मग आपण समुद्रात नेणार?" लेक विचारते. नाही. पाषाण तलावातही नाही, कुणी कितीही पुण्याचं काम म्हणून सुचवलं तरी. आफ्रिकेतली चिलापी आपल्या पाण्यात आली आणि उजनीत आता जाळं टाकाल तिथे चिलापी. अमेरिकेत मिनेसोटातल्या बर्न्सव्हिल शहरानं २०२१ मध्ये लोकांना विनवण्या केल्या की घरचे गोल्डफिश तळ्यात सोडू नका. तिथे ते बाहेर निघाले तेव्हा अमेरिकी फुटबॉलएवढे झाले होते, म्हणजे रग्बीच्या लांबट चेंडूसारखे.

रोजचं काम फार नाही. सकाळ-संध्याकाळ बुडणारे दाणे, भिजवून, दोन मिनिटांत संपतील एवढे. तरंगणारे दिले तर वरची हवा गिळून फॅन्सी मासे उलटेपालटे होतात. आठवड्यातून एकदा उकडलेला मटार, साल काढून. आई तो मटार उसळीतून बाजूला काढते, फोडणीच्या आधी. रविवारी चार बादल्या पाणी बदलायचं आणि काढलेल्या पाण्यातच स्पंज दोनदा पिळायचा, बस. ते तपकिरी पाणी खाली जास्वंदीला जातं. टाकीच्या कडेला मनीप्लांट आहे, मुळं पाण्यात सोडलेली. नायट्रेट पिऊन तो पडद्याच्या दांडीवर चढलाय. पाण्यातली बाकी सगळी झाडं बुंदीनं खाल्ली. एप्रिल-मेमध्ये टाकी तिशीला टेकते. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, तेव्हा पाण्याच्या पृष्ठभागावर टेबलफॅन लावतो. पाणी उडतं आणि माठासारखं थंड होतं. लाईट गेली तर बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप आहे. एकदा रात्री अडीच वाजता तो लावताना बायकोनं विचारलं होतं, हे किती वर्षं जगतात. मी म्हटलं, नीट ठेवले तर दहा-पंधरा. इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस मिळालेला एक १९९९ पर्यंत जगला. आतून आईचा आवाज आला, "म्हणजे हिची बारावी होईपर्यंत काही चिंता नाही."

गेल्या महिन्यात संध्याकाळी बेल वाजली. काकूंचा नातू. एका हातात फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी, आत दोन केशरी ठिपके. दुसऱ्या हातात वाटी. पुन्हा कुणाचा तरी वाढदिवस.

"काका, आजीनं विचारलंय, तुमच्याकडचं ते माशांचं विरजण थोडं मिळेल का?"

काकू मागे दारात उभ्या होत्या. त्यांच्या हॉलमध्ये धुण्याचा मोठा टब भरून ठेवलेला दिसत होता. निदान साठ लिटरचा. मी वाटी घेतली, हसू आलं ते दाबलं, आणि टाकीतल्याच पाण्यात स्पंजचा कोपरा कापायला लागलो.

देवापाशी दिवा लावत असलेली आई तिथूनच म्हणाली, "तिन्हीसांजेला विरजण देऊ नये कुणाला."

नातू माझ्याकडे बघायला लागला. मी आईकडे. तिनं काडी विझवली, उठून आली, त्याच्या हातातली पिशवी उजेडात धरून पाहिली. एक मासा वरच्या थराशी येऊन तोंडाची उघडमीट करत होता.

"दे रे दे," ती म्हणाली. "आणि जरा मोठा तुकडा दे."